तलावाची पाळ आणि संगणकाची तारीख

मृग लागण्याच्या आधी आपल्या भागात एक काम कुणी न सांगता होत असे, आणि ज्या गावात जाणती माणसे आहेत तिथे आजही होते. कुणीतरी एक जण तलावाच्या पाळीवरून चक्कर मारून येतो. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतले कितीतरी धान या तलावांवर उभे आहे. मालगुजारांच्या काळातले म्हणून ते माजी मालगुजारी तलाव, आणि त्याचे थोडक्यात झाले मामा तलाव. त्यांची पाळ मातीची. उन्हाळ्यात तिला खेकडे भोके पाडतात, घुशी बिळे करतात. भोक मुठीएवढे असते. पाणी खाली असते तोवर त्याचे काही वाटत नाही. पण तलाव भरला की त्याच भोकातून पाणी झिरपू लागते, मग वाहू लागते, आणि एखाद्या रात्री खालच्या बांध्या रोवण्यासकट वाहून जातात. म्हणून जुनी माणसे पाळ कशी आहे असे विचारत नाहीत. ती विचारतात, "पाळीवर शेवटी कोण गेलं होतं, अन् कवा?"

हाच प्रश्न मी एकदा संगणकासमोर बसून ऐकला. ती हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

२०२४ च्या तेंदू हंगामानंतर धानोऱ्याच्या पुढे एका गावी जाणे झाले होते. वनहक्क कायदा २००६ साली झाला. याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून इकडच्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूपानांचा व्यवहार स्वतः पाहू लागल्या. व्यवहार आला की हिशेब आला. मी गेलो त्या गावी हिशेब वहीत होता आणि शिवाय संगणकातही होता. गावातली बारावी झालेली एक मुलगी कोणाचे किती पुडे, कोणाची किती मजुरी, कोणाच्या बँक खात्याचा कोणता नंबर, हे सगळे त्यात भरत होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना आबाजी म्हणत.

आबाजींनी विचारले, "पोरी, आमचा सारा हिशेब याच्यात घातला. हे मशीन बरोबर आहे ना?"

"हाव आबाजी, अपडेट आहे," म्हणून तिने पडद्यावरची हिरवी खूण दाखवली.

आबाजींना इंग्रजी वाचता येत नव्हते, पण मोबाइलच्या रिचार्जमुळे इंग्रजी आकडे चांगले कळत होते. त्या हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरांत एक तारीख होती. त्यांनी बोट ठेवले. "हे आकडे कशाचे? हे तर मागच्या दिवाळीचे दिसतात."

मुलगी थांबली. मीही पुढे वाकून पाहिले. त्या ओळीचा अर्थ होता, 'शेवटची तपासणी', आणि पुढे नोव्हेंबर २०२३ ची तारीख. म्हणजे दिवाळीपासून तेंदूपर्यंत त्या संगणकाने आपल्यासाठी काही नवी डागडुजी आली आहे का हे एकदाही पाहिले नव्हते. हिरवी खूण खोटे बोलत नव्हती. दिवाळीला पाहिले तेव्हा सगळे ठीक होते, एवढेच ती सांगत होती. आणि आबाजी म्हणाले, "म्हणजे पाळीवर दिवाळीपासून कोणी गेलंच नाही म्हणा की!"

आता तुम्ही म्हणाल, संगणकाची कसली आली पाळ? सांगतो.

संगणक चालतो तो त्याच्या मूळ प्रोग्रॅमवर. बहुतेक ठिकाणी तो 'विंडोज' असतो, तुमच्या मोबाइलमध्ये बहुधा 'अँड्रॉइड' असतो. हे प्रोग्रॅम कोट्यवधी ओळींचे असतात आणि माणसांनीच लिहिलेले असतात, त्यामुळे त्यांत भोके राहतात. चोर ती भोके शोधत असतात आणि कंपनीची माणसेही शोधत असतात. कंपनीला भोक सापडले की ती ते बुजवण्याचा तुकडा तयार करून इंटरनेटवर ठेवते. त्यालाच अपडेट म्हणायचे. विंडोजची ही डागडुजी महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येते, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. २००३ सालापासून हा रिवाज आहे. फारच मोठे भोक निघाले तर मध्येच, वार न पाहताही येते. पण ती येऊन पडते कंपनीच्या दारात. ती आली आहे का हे तुमच्या संगणकाने जाऊन पाहावे लागते. तो रोज आपण होऊन पाहतो, पण पाहू दिले तर.

न पाहिल्याने काय होते ते २०१७ साली सगळ्या जगाने पाहिले. विंडोजमधल्या एका भोकाची डागडुजी १४ मार्च २०१७ रोजी आली. तिचा लाभ ज्यांनी घ्यायचा त्यांनी घेतला, बाकीचे राहिले. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' नावाचा किडा त्याच भोकातून शिरला. मधे ५९ दिवस होते. धान रोवून ते निसवायला येईपर्यंतचा काळ म्हणा. हा किडा संगणकातल्या सगळ्या फायलींना कुलूप घाली आणि पडद्यावर ३०० डॉलर मागे, म्हणजे तेव्हाच्या भावाने एकोणीस-वीस हजार रुपये. काही दिवसांत सुमारे १५० देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक बंद पडले. इंग्लंडमध्ये सरकारी दवाखाने चालवणाऱ्या २३६ संस्थांपैकी कमीत कमी ८१ संस्थांच्या कामावर परिणाम झाला, रुग्णांना परत पाठवावे लागले.

हे सगळे शहरांतले आणि परदेशातले, आपल्याला काय, असे वाटत असेल तर पुढचे ऐका. तो दिवस शुक्रवारचा होता. शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी, १५ मे रोजी, केरळातल्या वायनाड जिल्ह्यात तरियोड नावाच्या ग्रामपंचायतीत लोकांनी कार्यालय उघडून संगणक सुरू केले, तर पडद्यावर पैशाची मागणी! वायनाड म्हणजे आपल्यासारखाच रानाचा आणि आदिवासी वस्तीचा जिल्हा. त्या ग्रामपंचायतीवर कोणी डोळा ठेवला होता असे मुळीच नाही. किड्याला गाव कळत नाही, त्याला फक्त भोक कळते. पाणी कुठे बांधी पाहून फुटते?

त्यानंतर दीड महिन्याने, २७ जून २०१७ रोजी, आपल्या महाराष्ट्रातच न्हावा शेवा बंदरावर दुसरा घाला आला. मर्स्क नावाच्या डॅनिश जहाज कंपनीच्या संगणकांत 'नॉटपेट्या' शिरला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातले त्यांच्याच समूहाचे एक टर्मिनल ठप्प झाले. कंटेनर आहेत, क्रेन आहेत, ट्रक रांगेत उभे आहेत, पण कोणता डबा कुणाचा हे सांगणारा संगणक बंद. त्या कंपनीला दहा दिवसांत ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नॉटपेट्या आत आला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या अपडेटमध्ये लपून, आणि आत आल्यावर त्याच मार्चच्या भोकातून पसरला; शिवाय चोरलेल्या पासवर्डनेही पसरला. तेव्हा अपडेट म्हणजे काही देवाचा अंगारा नव्हे. घटसर्पाची लस टोचली म्हणून बैल विहिरीत पडायचा राहत नाही. पण म्हणून लस कोणी सोडत नाही.

आता प्रत्यक्ष पाहायचे कसे. विंडोजच्या संगणकात खिडकीच्या चिन्हाचे बटण दाबून धरा आणि 'आय' हे अक्षर दाबा. 'सेटिंग्ज' उघडेल. नव्या अकरा नंबरच्या विंडोजमध्ये डाव्या यादीत 'विंडोज अपडेट' सापडेल. दहा नंबरमध्ये आधी 'अपडेट अँड सिक्युरिटी' दाबावे लागते. तिथे खुणेखाली 'लास्ट चेक्ड' म्हणून तारीख आणि वेळ असते. ती आजची किंवा कालची असली तर ठीक. आठवड्यापूर्वीची असली तर विचारा, नेट नव्हते का? महिना दोन महिन्यांपूर्वीची असली तर काहीतरी बिघडले आहे असे समजा.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण इथेच बहुतेक लोक फसतात. पाहणे वेगळे, आणणे वेगळे आणि बसवणे वेगळे. पाळीवर चक्कर मारली, भोक दिसले, पण माती कोणी टाकली नाही, तर चकरेचा उपयोग काय? त्याच पानावर 'अपडेट हिस्टरी' आहे. ती उघडली की कोणता तुकडा कोणत्या तारखेला बसला ते दिसते. मागच्या दुसऱ्या मंगळवारनंतरची एखादी नोंद तिथे असली पाहिजे. आणि 'रीस्टार्ट करा' अशी ओळ दिसत असेल तर अजून माती ओली आहे, काम पुरे झालेले नाही. संगणक नुसता बंद करून सकाळी सुरू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. लवकर सुरू व्हावा म्हणून विंडोज बंद होताना आपला काही भाग तसाच झोपवून ठेवतो. म्हणून 'रीस्टार्ट' हेच बटण दाबावे. आणि त्या वेळी वीज जाणार नाही असे पाहावे. अर्धे अपडेट बसत असताना भारनियमन झाले तर संगणक उठतच नाही असेही होते. इन्व्हर्टर नसेल तर लॅपटॉपवर पूर्ण चार्जिंग करून मगच हे करावे.

तारीख जुनी का राहते, याची कारणे आपल्याकडे वेगळी आहेत. शहरात लोक कंटाळून पुढे ढकलतात. तसे ढकलण्याचे बटणच आहे, त्याने पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येते. आपल्याकडे मुख्य अडचण नेटची. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो, वीज जाते, आणि मोबाइलही मुका होतो. अशा दिवसांत तारीख जुनी राहिली तर दोष कोणाचाच नाही. फक्त नेट परत आल्यावर, बँकेचे किंवा आधारचे काम करण्याआधी, ती एकदा पाहावी. बरेच जण मोबाइलच्या नेटवर संगणक चालवतात. त्यात 'मीटर्ड' अशी खूण केलेली असेल तर संगणक डागडुजी आली आहे हे पाहतो, पण डेटा वाचवायला ती सहसा आणत नाही. महिन्याची डागडुजी शेकडो एमबींची असते, कधी त्याहूनही बरीच मोठी. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या घरात ती परवडत नाही हे मला मान्य आहे. अशांनी महिन्यातून एकदा लॅपटॉप घेऊन तालुक्याला चांगल्या वायफायवर बसावे. शाळेत किंवा कार्यालयात एकाच वायफायवर दोन-चार संगणक असतील तर एकाने आणलेला माल दुसऱ्याला देण्याची सोय विंडोजमध्येच आहे. तिचे नाव 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'.

आणखी एक कारण इतके क्षुल्लक आहे की कोणाला सुचत नाही. संगणकाच्या आत रुपयाएवढा एक चपटा सेल असतो. संगणक बंद असतानाही तो घड्याळ चालू ठेवतो. तो काही वर्षांनी मरतो, आणि मग वीज गेली की संगणकाची तारीख दहा-बारा वर्षे मागे जाते. तारीख चुकली की संगणक आणि कंपनीचे दार यांची ओळख पटत नाही, कारण दाराच्या ओळखपत्रालाही मुदत असते. मग तपासणी होत नाही, बँकेचे पान उघडत नाही, आणि आपण नेटला शिव्या देतो. तो सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि स्वस्त असतो.

त्या गावच्या संगणकाचे कारण मात्र वेगळे निघाले. संगणक जुना घेतलेला होता. ज्याने तो तयार करून दिला त्याने "डेटा खातो" म्हणून अपडेटची सोयच बंद करून ठेवली होती. त्याचा हेतू वाईट नव्हता. अपडेट नको म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक नावाच्या संरक्षण-प्रोग्रॅमच्या एका चुकीच्या अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एकाच दिवशी निळे होऊन पडले, विमानतळांवर हाताने पास लिहायची वेळ आली. ती चूक विंडोज बनवणाऱ्यांची नव्हती, पण झटका बसला तो बसलाच. म्हणून अपडेट करण्याआधी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून, तो पेनड्राइव्ह काढून बाजूला ठेवावा. लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किडाही वाचतो. वही तर ठेवावीच.

एक गोष्ट तारीख पाहूनही कळत नाही. कंपनी प्रत्येक विंडोजला काही वर्षेच डागडुजी पुरवते. सात नंबरच्या विंडोजची मुदत १४ जानेवारी २०२० ला संपली, दहा नंबरची १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापराच्या संगणकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ ठेवली होती. मुदत संपलेला संगणक अगदी काल तपासणी केल्याचे दाखवील, पण दारात त्याच्यासाठी काही ठेवलेलेच नसते. पाळीवर रोज माणूस जातो आणि माती नाही म्हणून परत येतो, तसे. जुन्या यंत्रांवर अकरा नंबर बहुधा चढत नाही. मग 'उबुंटू' किंवा आपल्या सी-डॅकने केलेला 'बॉस' हे फुकटचे मूळ प्रोग्रॅम बसवता येतात. हिशेब, पत्रे, इंटरनेट यांना ते पुरतात. मात्र अंगठ्याच्या यंत्राचे काम असेल तर ते त्यावर चालेल का, ही चौकशी आधी करावी.

तुमच्या घरी संगणक नसेल. पण मोबाइल आहे, आणि तोही संगणकच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी त्यावरच होते, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्यात 'सेटिंग्ज' उघडून 'सॉफ्टवेअर अपडेट' किंवा 'सिस्टीम अपडेट' शोधा. काही फोनमध्ये ते 'अबाउट फोन' खाली असते. तिथे 'सिक्युरिटी अपडेट' म्हणून एक तारीख दिसेल. त्या तारखेपर्यंत कळलेली भोके बुजली आहेत, पुढची नाहीत, असा तिचा अर्थ. ती दोन-तीन वर्षांपूर्वीची असेल आणि 'नवे काही नाही' असे येत असेल, तर कंपनीने तुमचा फोन सोडून दिला आहे. तो टाकून द्या असे मी सांगणार नाही, पैसे काही मोहफुलांसारखे खाली पडत नाहीत. पण बँकेचा व्यवहार घरातल्या नव्या फोनवर करा आणि हा बोलायला, गाणी ऐकायला ठेवा.

आणि हे नीट लक्षात ठेवा. खरे अपडेट कधी व्हॉट्सॲपवर येत नाही. पीएम किसानच्या नावाने 'एपीके' फाइल येते, "हप्ता अडकला आहे, हे बसवा" म्हणून. ती बसवली की फोन आणि खाते दोन्ही चोराच्या हाती. इंटरनेट पाहताना "तुमचा फोन जुना झाला, इथे दाबा" अशी पाटी उघडते, तीही दाबू नका. फोनवरून कोणी अपडेट करून देतो म्हणाला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या नंबरवर कळवा; जितके लवकर कळवाल तितके पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

सातबारा, पीक विमा, धान खरेदीची नोंदणी यांसाठी आपण सेवा केंद्रात जातो आणि तिथल्या यंत्रावर निमूटपणे अंगठा ठेवतो. तिथे विचारायला लाजू नका. "भाऊ, याची शेवटची तपासणी कधीची आहे, जरा दाखवता का?" एवढेच विचारा. चांगला चालक रागावणार नाही, पान उघडून दाखवील. आणि तो गोंधळला तर निदान संध्याकाळी स्वतः पाहील.

त्या गावी पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मुलीने आधी सगळ्या हिशेबाची प्रत काढली. गावात नेट एका टेकाडावरच धड मिळे, तेव्हा दुसऱ्या दिवशी संगणकाचा डबा पोत्यात गुंडाळून मोटारसायकलवरून तालुक्याला नेला. तिथे बंद केलेली सोय सुरू करून घेतली. दिवाळीपासूनचे साचलेले सगळे उतरायला आणि बसायला दुपार उलटून गेली, तीन वेळा रीस्टार्ट करावे लागले. डबा परत आल्यावर मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारच्या पुढच्या बुधवारी लाल गोल केले. आबाजींनी पडद्यावरची तारीख पुन्हा बोट ठेवून वाचली, कॅलेंडराशी पडताळली, आणि म्हणाले, "आता तलावावर जाऊन येतो. तिकडेही यंदा कोणी गेलं नाही."